टाकीच्या शिडीवरचा माणूस

संपादकांनी सांगितलं, "पिंपरीत कारखाने उभे राहताना तुम्ही तिथं होतात, तेव्हाचं काहीतरी लिहा." मी हो म्हणून बसलो आणि मग पंचाईत झाली. माझ्या बरोबरीचे म्हातारे लेथबद्दल लिहितील, भट्टीबद्दल लिहितील, पहिल्या संपाबद्दल लिहितील. मी काय लिहिणार? मी कारखान्यात खेळणी करत होतो.

हा विनय नव्हे. हे माझ्या सासऱ्यांचे शब्द आहेत. ते रेल्वेत फिटर होते, हाताला कायम ग्रीसचा वास. जावई एवढ्या मोठ्या कारखान्यात लागला म्हणून एकदा कौतुकानं बघायला आले. मी तेव्हा वाळलेल्या घोसाळ्यांचा ढीग समोर घेऊन कात्रीनं त्यांची जाळी कापत बसलो होतो. ते बराच वेळ दारात उभे राहिले, तसेच परत गेले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, तुझा नवरा घोसाळी कापतो." बायकोनं पुढं कितीतरी वर्षं शेजारपाजारी "हे ड्रॉइंग खात्यात आहेत" एवढंच सांगितलं. ते खरंही होतं. माझं टेबल ड्रॉइंग ऑफिसच्याच कोपऱ्यातल्या खोलीत होतं.

घोसाळी का, ते सांगतो. कारखाना बांधायचा म्हटलं की आधी नकाशे होतात. नकाशा इंजिनियरला कळतो, बाकी कुणाला कळत नाही. मंत्री येतात, पैसे देणारे येतात, परदेशी पाहुणे येतात, त्यांना निळ्या कागदावरच्या पांढऱ्या रेघा दाखवून उपयोग नसतो. म्हणून सगळा कारखाना एका मोठ्या टेबलावर लहान करून मांडायचा. आमचं माप होतं इंचाला सोळा फूट. शेड प्लायवुडच्या, काचांच्या जागी अभ्रकाचे पापुद्रे, रस्ते पॉलिश पेपरचे, पाण्याच्या हौदाला आरशाचा तुकडा. हिरवळ म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा, आणि झाडं म्हणजे घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे, हिरव्या रंगात बुचकळून तारेवर बसवलेले. लांबून बघितलं तर अगदी आंब्याची डेरेदार झाडं. सासरे लांबून बघायला थांबले नाहीत, त्याला मी काय करणार!

मी साताऱ्याकडच्या एका खेड्यातला कुंभार. वडील बेंदराचे मातीचे बैल करत आणि मी ते रंगवत असे. पुढं शाळेत चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या, मॅट्रिक झालो आणि नकाशे गिरवणारा ट्रेसर म्हणून इथं लागलो. मॉडेल करणारा माणूस मुंबईहून यायचा होता, तो आला नाही. लेले साहेबांनी विचारलं, "कुणाला हातानं काही करता येतं का?" मी हात वर केला. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तेच केलं.

लेले साहेब म्हणजे आमच्या बांधकामाचे मुख्य इंजिनियर. पुण्याचे, उंच, गोरे, सोलाहॅट घालणारे. माणूस सरळ होता, पण आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटे. बऱ्याच वेळा कळायचंही. पहिल्या मॉडेलची हिरवळ मी खळीनं चिकटवली होती. गव्हाची खळ ती, झुरळांना पंगतच मिळाली. एका रविवारच्या सुट्टीत त्यांनी निम्मा कारखाना बोडका केला. सोमवारी साहेबांनी टेबलाकडं बघितलं आणि म्हणाले, "कुंभार, यंदा दुष्काळ पडलेला दिसतो." सगळं ऑफिस हसलं. मी पुन्हा सरसानं भुसा लावला. पण ही लाज म्हणजे काहीच नाही. तिची गोष्ट मी अजूनही हसत सांगतो. दुसरी आहे ती हसत सांगता येत नाही, आणि लिहायला बसल्यापासून तीच पुढं येते आहे.

मॉडेल जवळजवळ पुरं झालं होतं. त्यात कारखान्याची पाण्याची टाकी होती, चार पायांवर उभी, कारखान्यातली सगळ्यात उंच वस्तू. साहेबांनी टेबलाभोवती फेरी मारली आणि ते टाकीपाशी थांबले.

"कुंभार, टाकी ठेंगणी दिसते हो."

"सर, मापात आहे."

"मापात असेल. पण उंच वाटत नाही. शेजारी माणूस असल्याशिवाय उंची कळत नाही. एक माणूस चढवा शिडीवर."

आमच्या धंद्यात माणूस म्हणजे टाचणी. डोकं आयतं मिळतं. खाली दोरा गुंडाळायचा, तो गोंदात भिजवून बोटांनी धोतराचा, सदऱ्याचा आकार द्यायचा आणि वाळल्यावर खारीच्या केसांच्या ब्रशनं रंग द्यायचा. भुईमुगाच्या दाण्याएवढा माणूस होतो. उभा करायचा तर टोक लाकडात खुपसायचं, शिडीवर चढवायचा तर टाचणी वाकवून कथलाच्या डाखानं गजांना चिकटवायची. फाटकापाशी, रस्त्यावर, शेडच्या सावलीत अशी बरीच माणसं मी आधीच उभी केली होती. पण हा शिडीवरचा माणूस फार झकास जमला. एक हात वरच्या पायरीला, एक पाय उचललेला, मान वर. मुंडासं मी तांबडं केलं, कारण तांबडा ठिपका लांबून दिसतो. टेबलाजवळ येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी त्याच्याकडं जायची आणि मग टाकी खरंच उंच वाटायची. मी त्याच्यावर जाम खूष होतो.

मॉडेल साइट ऑफिसात मांडलं गेलं आणि मीही तिथल्याच खोलीत बसू लागलो. बाहेर खरा कारखाना वर येऊ लागला आणि खऱ्या टाकीचे खांबही चढू लागले. भोवती बांबूंची परांची बांधली होती. आजूबाजूच्या गावांतली माणसं, थेरगावची, काळेवाडीची, तिकडं चाकणकडची, कंत्राटदाराच्या हाताखाली बिगारी म्हणून होती. पेरणीपुरती घरी जायची, बाकी वेळ इथं पाट्या वाहायची.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी बाहेर ओरडा झाला. परांचीवरून एक बिगारी पडला होता. श्रीपती नावाचा, थेरगावचा, अजून लग्न न झालेला गडी. मी धावत गेलो तेव्हा त्याच्यावर घोंगडी घातलेली होती. मी त्याला ओळखत नव्हतो. निदान मला तसं वाटलं. मॉडेलच्या खोलीतून बाहेर पडून मी बिगाऱ्यांत कधी मिसळलोच नव्हतो. साहेब डोक्यावरची हॅट काढून उभे होते आणि बाया रडत होत्या.

काम थांबलं, दुसऱ्या दिवशी सुरू झालं, पण टाकीवर कुणी चढेना. मोठं बांधकाम माणूस मागतं, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. पुलाखाली, धरणाच्या भिंतीत कुणाला पुरलं, याच्या गोष्टी मीही लहानपणी ऐकल्या होत्या. त्यात कुणाच्या तरी डोक्यात माझा शिडीवरचा माणूस आला. बिगाऱ्यांच्या टोळीचा ग्यानबा मुकादम चपला दारात काढून माझ्या खोलीत आला. म्हातारा, पण ताठ. टेबलाशी वाकून त्यानं बराच वेळ बघितलं.

"पेंटर, ह्यो कवा बसवला?"

"सुरुवातीलाच. टाकीचा पाया भरायच्या आधी."

"म्हंजी शिरपती पडायच्या आधी."

"हो."

"मंग झालं," असं म्हणून तो निघून गेला.

त्या दिवसापासून माझ्याकडं बघणाऱ्या नजरा बदलल्या. चहाच्या टपरीवर मी गेलो की बाकडं रिकामं व्हायचं. एक बाई पोराला घेऊन रस्त्यानं येत होती, मला बघून तिनं त्याच्या तोंडावर पदर घेतला. मी साहेबांना म्हणालो, "सर, तो माणूस काढून टाकू का?" साहेब हसले. म्हणाले, "काढलात तर त्यांचं म्हणणं खरं आहे असं कबूल केल्यासारखं होईल. तुम्ही मॅट्रिक झालेला माणूस, तुमचाही विश्वास बसला की काय?" मी म्हणालो, छे छे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पण साहेबांसमोर भित्रा ठरण्याची लाज त्याहून मोठी होती. माणूस शिडीवरच राहिला.

मग श्रीपतीची आई आली.

तिला सगळे गऊआक्का म्हणत. नवरा आधीच गेलेला, हा एकच मुलगा. विटकं लुगडं, पायांना नदीचा चिखल. थेरगावाहून नदी उतरून ती चालत आली होती. शिपायानं दार उघडून "हाच तो पेंटर" म्हटलं. ही आता तळतळाट देणार, असं मी धरूनच चाललो.

"माजा शिरपती कुटं हाय?" तिनं विचारलं.

मी बोटानं दाखवलं. ती वाकली, डोळे बारीक केले, पदराची किनार तोंडाशी धरली. दिसायला वेळ लागला. दिसल्यावर ती तशीच वाकून राहिली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ह्यो तू कवा बसवलास रं? त्यो गेल्यावर, का आदी?"

ग्यानबाला दिलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. पण बाकडं रिकामं करणारी माणसं मला आठवली, समोर ही बाई होती, आणि मी म्हणालो, "गेल्यावर, आक्का. त्याची आठवण म्हणून."

शब्द इतके सहज आले की माझं मलाच नवल वाटलं. 'आठवण म्हणून' ही तर मी वर भरच घातली होती. ती टाकीकडंच बघत राहिली. मला वाटलं, तिला रडू आवरत नसेल. मग तिनं टेबलाला हात लावून नमस्कार केला, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि निघून गेली.

पुढच्या अमावास्येला ती परत आली. बरोबर फडक्यात बांधलेला दहीभात, पुरणाची पोळी, नारळ, आणि नवी टोपी. आमच्याकडं देशावर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरातलं कुणी अवेळी गेलं, त्यातून बिनलग्नाचं गेलं, की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर माणसाचा आकार उठवलेला. तो देव्हाऱ्यात देवांशेजारी बसतो, सणाला त्याला नैवेद्य असतो, आणि मग त्या जिवाला घर मिळालं असं समजतात. टाक घडवणाऱ्या सोनाराचा मान करतात. गऊआक्काला चांदीचा टाक झेपणारा नव्हता. तिनं माझी टाचणीच टाक मानली होती. टेबलाच्या कडेला नैवेद्य ठेवून तिनं पाणी फिरवलं. मग मला बुक्का लावला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला.

"सोनाराचा मान असतोय," ती म्हणाली. "घे. लाजू नगंस."

मी घेतलं. खोलीच्या दारात ग्यानबा आणि टोळीतले चारसहा जण उभे होते, त्यांच्यादेखत घेतलं. ग्यानबाला मी खरं सांगून बसलो होतो, तो आता तोंड उघडेल म्हणून माझे कान तापले. पण तो काही बोलला नाही. आईनंच मान केला म्हटल्यावर मुकादम काय बोलणार! दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यानं सरकून मला जागा दिली. थोड्याच दिवसांत टोळी पुन्हा टाकीवर चढली.

ती पुरणपोळी मी खाल्ली. घशाखाली उतरत नव्हती असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं नव्हतं. चांगली झाली होती. मी सगळी खाल्ली आणि मग मला माझीच किळस आली.

ती येत राहिली. कधी भाकरी आणि ठेचा, कधी नुसत्या शेतातल्या शेंगा. प्रत्येक वेळी माझ्याशी दोन शब्द बोलायची. घरी कोण, मुलं किती, बायकोला डोहाळे कसले लागलेत. कधीकधी ती टेबलाशी उभी राहून माझ्याकडं असं बघायची की हिला काहीतरी सांगायचं आहे. मी लगेच ब्रश उचलून कामाला लागायचो. अजून चार गोष्टी विचारल्या तर अजून चार खोट्या जोडाव्या लागतील, ही धास्ती. ती मग, "चालू दे तुजं," म्हणायची आणि जायची.

गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून उभं राहून हात मिळवला. "कुंभार, तुम्ही फार माणुसकी दाखवलीत. मी उगाच तुम्हाला भित्रा समजलो." गंमत बघा, माणूस कुणी आणि कशासाठी चढवायला सांगितला हे साहेब पार विसरले होते. की आठवणीत असूनही त्यांना नवी गोष्ट जास्त आवडली? मला विचारायचं धाडस झालं नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो, त्यालाही त्यांनी विनय समजलं. पुढं पाहुणे आले की साहेब त्यांना टाकीपाशी आणायचे, इंग्रजीत गोष्ट सांगायचे आणि मग माझ्याकडं हात करायचे. पाहुणे "वा, वा" करायचे. एका मोठ्या पाहुण्यानं तर आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. त्या हाराचा फोटो अजून घरात आहे. बायकोनं तो सासऱ्यांना नेऊन दाखवला होता. घोसाळी कापणाऱ्या जावयाला पहिल्यांदाच घरात किंमत आली.

इथवर मी मनाची समजूत घालत होतो की, यात कुणाचं काय गेलं? बाईला समाधान, टोळीला काम, मला शांती. टाकी पुरी झाल्यावर ती समजूतही गेली. टोळीनं ठरवलं की टाकीच्या पायाशी श्रीपतीच्या नावाचा एक दगड बसवायचा. दगड ते स्वतः आणणार होते, नाव खोदणार होते. फक्त परवानगी हवी होती. ग्यानबा साहेबांकडं गेला आणि मी दाराबाहेरून ऐकलं.

"अहो, त्याचं स्मारक तर केव्हाच झालंय," साहेब म्हणाले. "टाकीवर नाही, पण टेबलावर आहे. मोठमोठे लोक बघून जातात. दगड कोण बघणार?"

ग्यानबा बाहेर आला. माझ्यासमोर थांबला. त्याला खरं ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. आत जाऊन एक वाक्य बोललो असतो तर दगड बसला असता. 'सर, तो माणूस तुम्हीच उंचीसाठी चढवायला सांगितला होतात,' एवढंच. ग्यानबानं वाट बघितली. मग म्हणाला, "लई मोटी मानसं हायसा तुमी," आणि चालू लागला. त्या मुलाचं नाव जगात कुठंच लिहिलं जाणार नव्हतं. त्याला जागा उरली होती ती माझ्या टाचणीएवढी, आणि तीही मी खोट्यावर उभी केलेली.

त्यानंतर काही महिन्यांनी हुकूम आला, मॉडेल दिल्लीच्या प्रदर्शनात पाठवायचं. तिथून ते परत येणार नव्हतं. पेटी बांधायला सुतार लागले. गऊआक्का पुढच्या अमावास्येला फडकं घेऊन येईल आणि रिकामी खोली बघेल, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी दुसरी टाचणी घेतली, तिला तांबडं मुंडासं केलं आणि शिडीवरच्या माणसाचा डाख सोडवून त्याच्या जागी तिला बसवलं. साहेबांना फरक कळला नाही. जुना माणूस मी कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवला आणि रविवारी सकाळी नदी उतरून थेरगावाला निघालो. वाटेत मनाशी ठरवलं होतं, आज तिला खरं सांगायचं. नुसती टाचणी देऊन पळून यायचं नाही.

थेरगाव तेव्हा नुसतं शेतांचं होतं. तिचं घर गावाच्या कडेला, शेणानं सारवलेली ओसरी, कोपऱ्यात देव्हारा. मला बघून तिनं घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढं केला. मी काड्यापेटी उघडली. तिनं टाचणी तळहातावर घेतली. उजेडात धरली.

"उबा कसा करायचा ह्याला?" ती म्हणाली.

चुलीपाशी पोतेऱ्याची ओली माती होती. मी चिमूटभर घेऊन तिचा लहानसा ओटा केला आणि टाचणी त्यात रोवली. वाकवलेली असल्यामुळं ती आता शिडीविना हवेतच चढत असलेली दिसत होती. तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली, हळद वाहिली. मग माझ्यासमोर येऊन बसली. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी बोललो.

"आक्का, मी तुमच्याशी खोटं बोललो. हा माणूस मी श्रीपतीची आठवण म्हणून केला नव्हता. तो आधीपासूनच होता. टाकी उंच दिसावी म्हणून साहेबांनी चढवायला लावला होता. मी श्रीपतीला कधी बघितलंही नव्हतं."

ती रागावली नाही. तिला धक्काही बसला नाही. तिनं लुगड्यावरचा एक धागा काढून टाकला.

"ठावं हाय की मला."

"ग्यानबानं सांगितलं?"

"ग्यानबा कशाला सांगंल? शिरपतीनंच सांगितलं व्हतं. तुजं टेबल हापिसात न्यायला चार गडी लावलं व्हतं, त्यात त्यो व्हता. घरी आला आनि भाकर खाता खाता हसाय लागला. म्हनला, आये, सायबाच्या टेबलावर आख्खा कारखाना हाय, आनि टाकीवर मला चढवलाय. मुंडासं तेवढं दुसऱ्या कुनाचं घातलंय, बाकी समदा मीच. लई खूष व्हता त्यो. गावात चार जनांना सांगून आला."

"मग तुम्ही मला विचारलंत कशाला? आधी की नंतर म्हणून?"

"तू म्हनशील, आदी बसवला व्हता. मंग मी म्हननार व्हते, बाबा, माज्या लेकानं त्यो बघितला व्हता, त्याला लई आवडला व्हता. तेवडं सांगायलाच आले व्हते मी, नदी उतरून. पर तू म्हनलास, गेल्यावर बसवला. मंग मी काय बोलू? तुला खोटं कसं पाडू, एवड्या मोट्या हापिसात?"

टेबलाशी उभी राहून माझ्याकडं बघत राहायची ती, ते हेच होतं तर. दरवेळी ती एवढं सांगायला थांबत होती आणि दरवेळी मी ब्रश उचलत होतो. माझ्या अख्ख्या नोकरीत, मंत्र्यासंत्र्यांच्या 'वा, वा'मध्ये, मला मिळालेली खरी शाबासकी ती एकच. ती एका बिगाऱ्यानं भाकरी खाताना दिली होती आणि त्याच्या आईला ती माझ्याच खोट्यामुळं माझ्यापर्यंत पोचवता आली नव्हती. टोपी, नारळ, पुरणपोळी, सगळं तिनं मी खोटं बोलतोय हे जाणून दिलं होतं. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं.

"मी खोटं बोललो म्हणून तरी मान द्यायचा नव्हता आक्का," मी म्हणालो.

"मान हाताचा असतोय," ती म्हणाली. "तोंडाचं तू बघ."

चूल विझत आली होती, तिनं फुंकणीनं फुंकली, वर भाकरीचा तवा ठेवला. मग ती पीठ मळता मळता थांबली.

"आता सांगू का मंग?" तिनं विचारलं. "त्यो काय काय म्हनला, त्ये समदं?"

मी हो म्हणालो. ती पहिल्यापासून सांगू लागली, त्या दिवशी तो घरी कसा आला, दारातूनच कसा ओरडला. ती सांगताना हसत होती. मी ऐकत होतो, पण वर बघायची हिंमत होत नव्हती.